मायकल जॅक्सन: कुठलं गाणं नुसतं ऐकायचं आणि कुठलं बघायचंच?

गंगापूर_रोडकर

मायकल जॅक्सन म्हटलं की लोकांची नजर थेट पायांकडे जाते. मूनवॉक, टोपी, पांढरे मोजे, एकाच हातातला तो चमचमता हातमोजा. या सगळ्या नादात माणूस गायचा काय हे बाजूलाच राहतं असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून हा धागा. आवडती गाणी आणि व्हिडिओ दोन्ही लिहा, पण नुसती यादी टाकून पळू नका, नेमकं काय आवडतं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. थ्रिलर (१९८२) या अल्बममध्ये गाणी नऊ, त्यातली सात सिंगल म्हणून (एकेकटी, वेगळ्या रेकॉर्डवर) आली, आणि व्हिडिओ फक्त तिघांचे: बिली जीन, बीट इट आणि थ्रिलर. बाकीची चार नुसत्या आवाजावर चालली. त्यातलंच ह्यूमन नेचर हे माझं एक नंबरचं गाणं. याची गोष्ट पण भारी आहे, टोटो बँडच्या डेव्हिड पेचच्या गाण्यांची कॅसेट अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्सकडे ऐकायला गेली होती आणि तिच्या शेवटी स्टीव्ह पोर्कारोचं हे अर्धवट गाणं राहून गेलं होतं. क्विन्सीला नेमकं तेच आवडलं, मग जॉन बेटिसने शब्द पूर्ण केले. रात्रीच्या शहरात एकटाच हिंडणारा माणूस आहे, आणि मायकलचा आवाज इतका वर असूनही कुठे ताणलेला वाटत नाही, ‘व्हाय’ म्हणताना तर तो अर्धा उसासाच टाकतो. १९८५ मध्ये जॅझवाल्या माइल्स डेव्हिसने हेच गाणं ट्रम्पेटवर वाजवलं, आता माइल्सला कुठे मूनवॉक दिसत होता?

दुसरं बिली जीन, पण डोळे मिटून. आधी ड्रम, मग त्यावर बास, मग कीबोर्डचे ते झटके, आणि गाणं सुरू व्हायला जवळजवळ अर्धा मिनिट. क्विन्सीला ती सुरुवात लांबलचक वाटत होती, छाटायची होती, पण मायकल म्हणाला की हीच तर मला नाचायला लावते. ब्रूस स्वीडन या रेकॉर्डिंगवाल्याने त्याचे ९१ मिक्स केले आणि शेवटी घेतला कुठला, तर दुसरा! आपल्याकडे लग्नाच्या साड्या घेताना होतं तसंच.

उगाच_एक

वाचनखूण साठवली. बाकी साड्यांच्या उदाहरणाला +१००

जुनी_कॅसेट

धागा छान, मत अजिबात मान्य नाही.

आम्ही मायकल आधी ऐकला तो कॅसेटवरच. मेन रोडला एक दुकान होतं, कोरी कॅसेट नेऊन दिली की गाणी भरून द्यायचे, हाताने लिहिलेली यादी द्यायची, आणि थ्रिलर मागितलं की तो विचारायचा ‘हसण्यासकट का बिनहसण्याचं?’ कारण ते शेवटचं व्हिन्सेंट प्राइसचं (भयपटांतला नट) बोलणं आणि हसणं घेतलं तर बाजू संपायची आणि पुढचं गाणं मधेच तुटायचं. तेव्हा मला गाणं आवडायचं, पण बस्स, आवडायचं. ते काय आहे हे कळलं व्हिडिओ बघितल्यावर. एका मित्राच्या काकांनी गल्फमधून व्हिडिओ कॅसेट आणलेली, नाशिक रोडला त्यांच्या घरी सगळी पोरं दाटीवाटीने बसलो होतो आणि मायकलचे डोळे पिवळे झाल्यावर मित्राची आजी देवघरातून ओरडली ‘बंद करा रे ते’.

गंगापूर_रोडकर, एक गोष्ट तुम्ही बघितलीय का सांगा. अल्बममधल्या गाण्यात धृपद नेहमीसारखं प्रत्येक कडव्यानंतर येतं. व्हिडिओत तसं नाहीये. तो ओला रे (व्हिडिओतली नायिका) सोबत रस्त्याने चालताना एकामागून एक सगळी कडवीच म्हणत जातो, तिच्याभोवती नाचतो, चिडवतो, आणि धृपद येतच नाही. मग स्मशान, मग प्राइसचा आवाज, मग ती भुतं, मग नाच, आणि त्यानंतर कुठे जाऊन धृपद. इतका वेळ दाबून ठेवलेलं असतं म्हणून ते आल्यावर अंगावर काटा येतो. जॉन लँडिसने (दिग्दर्शक) गाण्याची अक्षरशः मोडतोड करून सिनेमा केलाय, जवळजवळ चौदा मिनिटांचा, १९८३ च्या डिसेंबरमध्ये. २००९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत घातला, या यादीत गेलेला तो पहिला म्युझिक व्हिडिओ. तेव्हा ‘नुसतं ऐका’ हे थ्रिलरला तरी लागू नाही. जाता जाता, १९८५ चा तेलुगू सिनेमा दोंगा, त्यात चिरंजीवीने याचीच हुबेहूब नक्कल केलीय, ‘गोलीमार’ म्हणून शोधा. हसून हसून मेलात तर जबाबदारी माझी नाही.

गंगापूर_रोडकर

धृपदाचं निरीक्षण जबरी आहे, मान गये. थ्रिलर तुम्हाला सोडला, पण बिली जीन नाही सोडणार. त्या व्हिडिओत पाय ठेवला की फरशी उजळते याच्यापलीकडे आहे काय?

सिडकोची_पोर

फरशी उजळते म्हणे. त्याच फरशीमुळे मी आज पोटापाण्याला लागलेय 🙂

मी सिडकोत लहान मुलांचा डान्स क्लास घेते, पाचवी ते दहावीची मुलं. यूट्यूबवर बघून आलेली असतात आणि पहिल्याच दिवशी म्हणतात ताई मूनवॉक शिकवा. आता मूनवॉक म्हणजे मागे सरकणं नाहीचये. एका पायाची टाच वर, सगळं वजन त्या चवड्यावर, आणि दुसरा पाय पूर्ण सपाट ठेवून मागे ओढायचा, मग अदलाबदल, आणि अदलाबदल करताना कंबर वर-खाली झाली की खेळ खल्लास. मुलं दोन्ही टाचा उचलतात आणि मग ते उंदरासारखं तुरुतुरु दिसतं. घरी शहाबादी फरशी असेल तर सुती मोजे घालून करा, जमतं. आमच्या हॉलला गुळगुळीत टाइल्स आहेत तिथे उलट पाय सुटतात. आणि कृपा करून स्टेजवर कॅरमची पावडर टाकू नका, मागे एका स्पर्धेत आयोजकांनी हौसेने टाकली, आमच्या आधीचा ग्रुप मूनवॉक करून गेला आणि माझ्या दोन मुली लावणीच्या पहिल्याच गिरकीला धाडकन पडल्या. कोण ते नाव घेत नाही.

मूनवॉक मायकलने शोधला नाही हे पण सगळ्यांनी एकदा डोक्यात घ्या. टॅप डान्सर बिल बेलीचा १९५५ चा व्हिडिओ आहे, शेवटी असाच मागे सरकत विंगेत जातो. शालामार ग्रुपचा जेफ्री डॅनियल १९८२ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर करत होता. मायकलने १९८३ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात केला, आणि तो पण बिली जीनच्या मधल्या वाद्यांच्या जागेवर, अगदी एक-दोन सेकंद. बघा परत, डोळ्याची पापणी लवली तर जातो. पण नेमका कुठे करायचा ही अक्कल त्याची, कारण तिथे गाणं थांबलेलं असतं आणि नुसता ताल चालू असतो.

आता माझा नंबर एक: स्मूथ क्रिमिनल. तो पुढे झुकतो ना सगळ्या पोरांसकट, ताठच्या ताठ, ४५ अंशात, तो. व्हिडिओत दोऱ्या वापरल्यात. पण मग स्टेजवर दोऱ्या कशा लावणार, म्हणून त्याने बूटच बनवून घेतले, टाचेत खाच, आणि स्टेजमधून वर येणारा खिळा त्या खाचेत अडकवायचा. त्याचं रीतसर पेटंट आहे १९९३ चं, त्यावर मायकल जॅक्सनचं नाव आहे. २०१८ मध्ये चंदीगडच्या पीजीआयच्या मेंदू आणि मणक्याच्या डॉक्टरांनी यावर पेपर लिहिला, की साधा माणूस घोट्यातून जेमतेम २० अंश झुकू शकतो, चांगला तयार नाचणारा २५-३०. म्हणजे बूट असले तरी पोटऱ्या आणि पाठ लोखंडी पाहिजेत. माझ्या क्लासमधल्या एका पालकांनी मला विचारलं होतं की असे बूट बनवून मिळतील का. बनवून मिळतील हो, स्टेजला भोकं पाडायची परवानगी कोण आणणार?

नाईट_ड्यूटी

स्मूथ क्रिमिनलवर मला बोलायचंच होतं. ‘ॲनी, आर यू ओके’ हे कुठून आलं माहितीये का? आम्हाला सीपीआर (हृदय बंद पडलं की छाती दाबून देतात तो प्रथमोपचार) शिकवतात तो जो रबरी पुतळा असतो त्याचं नाव ॲन. बेशुद्ध माणूस दिसला की आधी खांदे हलवून विचारायचं, आणि अमेरिकेत तेव्हा ट्रेनिंगमध्ये पुतळ्याला हेच विचारायला शिकवायचे, ‘ॲनी, आर यू ओके?’ त्या पुतळ्याचा चेहरा पॅरिसच्या नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून केलाय असं सांगतात. आमच्या बॅचला हे ट्रेनिंगच्या दिवशी कळलं आणि मग सगळ्यांनी पुतळ्याला गाऊनच विचारलं, शिकवणाऱ्या सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि गाण्याच्या सुरुवातीला जे धडधड ऐकू येतं ना ते मायकलच्याच हृदयाचे ठोके आहेत, संगणकावर प्रक्रिया केलेले, बॅड अल्बमच्या श्रेयनामावलीत ते रेकॉर्ड करणाऱ्या डॉक्टरचं नाव पण छापलंय. हेडफोनवर नीट ऐकू येतं. सीपीआरला छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. बिली जीनचा ताल मिनिटाला ११७ ठोक्यांचा आहे. बाकी तुम्ही हुशार आहातच.

मिसळ_विथ_पाव

हे भारी आहे. वाचतोय. माझं आवडतं रिमेंबर द टाइम, इजिप्तचा राजा एडी मर्फी, राणी इमान, आणि मायकल वाळू होऊन उडून जातो. चाल इतकी गोड आहे की मिसळीनंतर ताकच. बस एवढंच, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही.

ढोल_पंचवटी

इतके प्रतिसाद झाले आणि अजून कोणी दे डोन्ट केअर अबाउट अस चं नाव घेतलं नाही? कमाल आहे.

मी पंचवटीतल्या एका ढोल पथकात आहे, कमरेला ढोल बांधून वाढलोय म्हटलं तरी चालेल. इंग्रजी गाणी मला फार कळत नाहीत. हे गाणं मला पथकातल्या एका दादाने दाखवलं, म्हणाला हे बघ तिकडचे आपले लोक. १९९६ चा व्हिडिओ, स्पाइक लीचा, ब्राझीलमधे. अर्धा साल्वाडोर शहरात जुन्या रंगीत घरांच्या चौकात, अर्धा रिओच्या डोना मार्ता झोपडपट्टीत. रिओच्या सरकारला हा व्हिडिओ नकोच होता, शहराची गरिबी जगाला दिसेल म्हणून. आता तिथेच मायकलचा पुतळा उभाय आणि लोक बघायला जातात.

साल्वाडोरमधे त्याच्यासोबत ओलोडुम म्हणून पथक आहे. १९७९ पासूनचं, कार्निव्हलसाठी सुरू झालेलं. नीट बघा ते काय करतायत. मोठे ढोल आहेत त्यांना सुर्दो म्हणतात, वेगवेगळ्या मापाचे. सगळे एकदम नाही वाजवत. एक माप वाजतं, दुसरं त्याला उत्तर देतं, मधल्या मापाचे त्यात भरणा घालतात. आणि वरून बारीक आवाजाची वाद्यं तडतडत असतात, ते काम आपल्याकडे ताशा करतो. इशारा पण वरूनच येतो, तिकडे सुद्धा. फरक काय, आपल्या ढोलाला एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, म्हणजे घुमणं आणि तोडणं एकाच माणसाकडे. त्यांच्याकडे ते काम वाटून दिलेलं असतं. म्हणून त्यांचं झुलतं आणि आपलं चालतं. आपलं मिरवणुकीचं आहे, पाऊल टाकायला वाजवतो आपण. त्यांचं बघा, वाजवता वाजवता कमरेतून हलतात, दोन्ही हात डोक्यावर फिरवून परत वेळेवर खाली आणतात. आम्ही एकदा प्रॅक्टिसला करून बघितलं, टिपरं उडून तिसऱ्या रांगेत गेली.

आणि मायकल तिथे काय करतो? काही विशेष नाही. ओलोडुमचा टीशर्ट घातलाय आणि त्यांच्यात उभा राहून उड्या मारतोय. एका जागी गर्दीतनं बाई येते आणि मागून मिठी मारते, पुढे आणखी एकजण गळ्यात पडते आणि तो चक्क खाली पडतो, ते कापलं नाही, ठेवलंय. मला ते सगळ्यात आवडतं. इतका मोठा स्टार पण पथकाच्या पुढे आला नाही, आत शिरला.

गंगापूर_रोडकर दादा, हे गाणं तुम्ही नुसतं ऐकलं तर त्याच गाण्याचा दुसरा जेलवाला व्हिडिओ पण आहे तो आणि हा सारखेच वाटतील. बघितल्याशिवाय हे २०० जणांचं पथक कळतच नाही.

सिडकोची_पोर

ढोल_पंचवटी, दंडवत घ्या _/\_

जुनी_कॅसेट

याला म्हणतात प्रतिसाद. पथकाच्या प्रॅक्टिसला यायचंय, कुठे असते?

ढोल_पंचवटी

पावसाळ्यात या, गणपतीच्या आधी. गोदाघाटाच्या बाजूला आवाज आला की तिकडे वळायचं.

गंगापूर_रोडकर

ढोल_पंचवटी, तुमचा प्रतिसाद वाचून व्हिडिओ लावला आणि खरंच सुर्दोंची ती देवाणघेवाण वेगळी दिसली. पण तक्रार कायम आहे हां. तुम्हाला ती दिसली कारण तुम्ही कान तयार असलेला माणूस आहात, बाकीचे लोक तो पडला का आणि टीशर्ट कुठे मिळेल एवढंच बघतात.

आणि मग स्ट्रेंजर इन मॉस्को चं काय करायचं? १९९३ मध्ये मॉस्कोत हॉटेलवर असताना लिहिलं, बाहेर लोक त्याचं नाव पुकारत होते आणि आत हा एकटा. व्हिडिओ काळापांढरा आहे, संथ पाऊस, काच फुटते ती पण संथ, सगळे अनोळखी लोक आपापल्या जागी. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण मला तो व्हिडिओ नको वाटतो, कारण गाण्यात जो एकटेपणा आहे तो त्याने पाच-सहा लोकांत वाटून टाकलाय.

देवळालीकर

तुम्ही सगळे व्हिडिओवर भांडताय, मी प्रत्यक्ष बघितलाय 😎

१ नोव्हेंबर १९९६, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. नाशिक रोडहून सकाळी पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरलो, तिथून लोकल. घरी सांगितलं होतं की मामाकडे चाललोय, ते खोटं नव्हतं, मामा पण तिकडेच आला. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने ओवाळलं होतं, मातोश्रीवर जाऊन आला होता, पेपर नुसते भरलेले. शो शिव उद्योग सेनेसाठी होता, करमणूक कर माफ केला म्हणून लोक कोर्टात गेले, आणि गंमत म्हणजे त्या कराचे सव्वातीन कोटींच्या वरचे पैसे आयोजकांना परत द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला २०२१ मध्ये. मायकलला जाऊन तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती.

तर शो. सुरुवातीला स्टेजवर अंतराळयान येतं, त्यातून तो चमचमत्या कपड्यात बाहेर येतो आणि नुसता उभा राहतो. काही करत नाही. हलत पण नाही. आणि लोक किंचाळतायत. माझ्या शेजारचा एक मोठा माणूस, टाय बीय लावलेला, ढसाढसा रडत होता. अर्थ साँगला स्टेजवर रणगाडा आला. गाणी कुठली खरी गायली आणि कुठली टेपवर होती यावर परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत वाद चालला होता. मला विचाराल तर काही टेपवर होती. फरक पडला नाही. तेव्हा गंगापूर_रोडकर, माझ्या मते तिसरा पर्याय घाला धाग्यात, उभा राहिलेला बघायचा.

नवा_सभासद_२

सगळं ठीक आहे पण लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवर कोणीच बोलत नाही? इतकं कौतुक करताना थोडी लाज वाटायला पाहिजे.

नाईट_ड्यूटी

प्रश्न रास्त आहे, टोन जरा सांभाळा. २००५ मध्ये कोर्टाने सगळ्या आरोपांतून मुक्त केलं, २०१९ मध्ये ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ या माहितीपटात दोन जणांनी परत आरोप केले, तो बघून मी कित्येक महिने त्याची गाणी ऐकली नाहीत. आता ऐकते. पण मन पूर्ण मोकळं नसतं आणि तसंच असू दे असं मला वाटतं. यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

जुनी_कॅसेट

नाईट_ड्यूटींशी सहमत.

परत विषयावर. ब्लॅक ऑर व्हाइट (१९९१) कोणाला आठवतं? शेवटी ते चेहरे एकातून एक बदलत जातात, तेव्हा ते बघून आम्ही वेडे झालो होतो, आज फोनवर शेंबडं पोर करतं. पण मला त्यातली ती शास्त्रीय नर्तकी आवडते, भर रस्त्यात दोन्हीकडून गाड्या आणि मधे ही पायात घुंगरू बांधून, आणि मायकल तिच्यासोबत मुद्रा करायला बघतो. त्याचे हात जमत नाहीत बरं का! जगातला सगळ्यात मोठा नाचणारा आणि मुद्रा कच्च्या.

सिडकोची_पोर

हो!! मी मुलींना हेच दाखवते. तो तिच्या पायांचा ताल लगेच पकडतो पण बोटं तशीच राहतात, कारण ती सवय लहानपणापासून लागते. भरतनाट्यमच्या मुली खूश होतात बघून.

आता एक काम करा, सगळे जमलाच आहात तर मदत करा. डिसेंबरात गॅदरिंग आहे, सातवी-आठवीची चोवीस मुलं, शाळेने मायकल जॅक्सनच मागितलाय. थ्रिलर नको, मागच्या वेळी मेकअप पुसता पुसता आयांनी मला शिव्या घातल्या होत्या. स्मूथ क्रिमिनलला बूट नाहीत. काय बसवू?

मिसळ_विथ_पाव

जॅम. मायकल जॉर्डन आहे त्यात, बास्केटबॉल घेऊन नाचवा.

देवळालीकर

चोवीस बास्केटबॉल स्टेजवरून खाली प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर. नको.

जुनी_कॅसेट

बीट इट घ्या, दोन टोळ्या, बारा-बारा, समोरासमोर. व्हिडिओत खऱ्या टोळीतली पोरं उभी केली होती, तुमच्याकडे सातवी ब आणि आठवी अ आहेतच. मधे एडी व्हॅन हेलनचं गिटार लागलं की दोघं पुढे येऊन भांडणार आणि एकजण येऊन सोडवणार. त्याला लाल जॅकेट, ते बाकी कोणाच्याही घरात निघेल.

ढोल_पंचवटी

किंवा दे डोन्ट केअर. ताशा मी घेऊन येतो, फुकट. फक्त शाळेला आधी विचारून ठेवा, मागे एका हॉलच्या काचा हलल्या होत्या आणि आम्हाला अर्ध्यात थांबवलं होतं.

सिडकोची_पोर

बीट इट फायनल, आणि शेवटच्या मिनिटाला ताशा. उद्याच मुख्याध्यापक बाईंना विचारते. ढोल_पंचवटी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.